गोल पडला की पाणी

एक जून, सोमवार. डिपॉझिट पाच हजार रुपये, रोख. हजर तिघे: मी, माझी बायको आणि तो. मागच्या दोन खोल्या, वीजमीटर वेगळं, नळ आठ दिवसांनी, भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर आधी विचारायचं. हे सगळं मी सांगितलं आणि त्यानं मान हलवली. मी नोटा खिशात घातल्या तेव्हा तो उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. डाव्या कोपरानं चौकटीची डावी बाजू ठोकली, उजव्या कोपरानं उजवी, आणि मगच आत गेला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भाडं वेळेवर आलं म्हणजे झालं.

भाडं वेळेवर आलं. जवळजवळ चार वर्षं तो आमच्याकडे राहिला आणि एकदाही उशीर झाला नाही. त्याच्या आयुष्यात वेळेवर झालेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

मी चिखलीत एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. गावाबाहेर बर्फाचा कारखाना आहे, त्याचे मालक आमचे सभासद. त्यांनीच हा माणूस पाठवला होता. मूळचा लोणारजवळच्या सुलतानपूरचा, वय चव्वेचाळीस, कारखान्यात लाद्या काढायच्या कामावर. आधी काय करत होता असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बर्फावर हॉकी खेळत होतो भाऊ. पगारी." मी भाडेकरूच्या माहितीत 'माजी सैनिक' एवढंच लिहिलं. तेही खोटं नव्हतं.

आमच्या भागात बर्फ म्हणजे उसाचा रस, लग्नातलं मठ्ठ्याचं पिंप, आणि उन्हाळ्यात कुणी गेलं तर पोरं येईपर्यंत प्रेत ठेवायला लागतो तो. त्यावर चालता येतं, धावता येतं, आणि त्यासाठी कुणी पगार देतं, हे चहाच्या टपरीवर कुणाला पटणार? टपरीवाल्यानं त्याचं नाव बर्फ्या ठेवलं. "काऊन बे बर्फ्या, आज मॅच नाही का?" असं रोज कुणीतरी विचारायचं. तो चहा संपवून सांगायचा, "होती. पण मैदान रसवंतीवाला घेऊन गेला." लोक हसायचे. त्याच्या तोंडावरची रेष हलायची नाही.

त्याची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक भाडं द्यायला यायचा तेव्हा. बुलढाण्याच्या भरतीत तो फौजेत गेला. पलटण लडाखला होती. हिवाळ्यात तिथलं तळं गोठायचं आणि तिकडचे जवान पायाला लोखंडी पात्यांचे बूट बांधून त्यावर हॉकी खेळायचे. याला त्या बुटांवर उभंही राहता येईना. ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभा करायचं, एवढ्याच विचारानं त्यांनी याला गोलात उभा केला. लोणारच्या उन्हात वाढलेल्या पोराला बर्फावर एकच गोष्ट उत्तम जमली: समोरून आलेली रबराची चकती अडवणं. का जमली, ते त्यालाही सांगता येत नसे. "मले ती यायच्या आधी दिसे," एवढंच म्हणायचा.

पलटणीच्या संघातून तो खेळू लागला. एकदा आखातातल्या एका शहरातला संघ तिकडे आला होता. त्या शहरात म्हणे एका मोठ्या दुकान-इमारतीच्या पोटात बर्फाचं मैदान आहे, बाहेर वाळवंट आणि आत बर्फ. त्यांच्याकडे गोली, म्हणजे गोल अडवणारे, कमी. त्यांनी याला पगार सांगितला. फौजेत त्याची तेव्हा तेरा वर्षं झाली होती. पेन्शनला पंधरा लागतात.

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पावती तशीच राहिली. मी म्हटलं, अहो, दोन वर्षं. फक्त दोन वर्षं काढली असती तर जन्माची सोय होती. मी मनातल्या मनात दरमहा रक्कम, महागाई भत्ता, सगळं मांडून पाहिलं.

"गोलीचे गुडघे वाट पाहत नाही भाऊ," तो म्हणाला. "बत्तीस वर्षाचा होतो. चौतिसाव्या वर्षी कोण बोलावते?" मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाला, "गुडघे होते तवा पेन्शन सोडली. आता पाहा, दोन्ही नाही."

एजंटला द्यायला सुलतानपूरचं घर विकलं. बायको आणि मुलगा जालन्याला तिच्या भावाकडे ठेवले. पहिली दोन वर्षं क्लबानं महिन्याच्या महिन्याला पगार दिला. मग क्लबाचा मालक धंदा गुंडाळून निघून गेला. त्यानंतर हा दिवसभर मैदानावर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचा आणि संध्याकाळी ज्या संघाचा गोली आला नसेल त्याच्यासाठी उभा राहायचा, मॅचमागे ठरलेल्या पैशांवर. शुक्रवारी ज्यांचे गोल अडवायचे, त्यांच्याचकडून रविवारी पैसे घ्यायचे. त्यामुळे जिंकल्यावर ओरडायची सवय त्याला कधी लागली नाही. अशी एकूण अकरा वर्षं.

आम्हाला त्याच्या सवयींचा आधी त्रास व्हायचा, मग त्या घरच्याच झाल्या. तो कधी दाराकडे पाठ करून बसला नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला की नकळत अर्धं पाऊल पुढे सरकायचा. विचारलं तर म्हणायचा, पुढं गेलं की समोरच्याले जागा कमी दिसते. उन्हाळ्यातही बर्फाचं पाणी पीत नसे. आणि खिडकीच्या वरच्या फळीवर, हात वर केला की लागेल अशी, पाण्याची एक बाटली कायम भरून ठेवलेली. काही वाईट घडलं, कारखान्यात बोलणी बसली, गावात कुणी वाकडं बोललं, की तो पाठ फिरवून दोन घोट प्यायचा आणि परत वळायचा. एकदा माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, "गोल पडला की पाणी प्याचं, वयनी. बाटली जाळीवरच ठेवलेली राह्यते. तेवढ्यात तो गोल विसराचा. नाही विसरला तर दुसरा पडते."

"अन् विसरला तर?" बायको म्हणाली.

"तरी पडते. पण थोडा उशिरा."

तो खरंच खेळला असेल असं मला पहिल्यांदा वाटलं ते लोणच्यामुळे. दारात उभा राहून तो भाड्याचे पैसे देत होता. बायको खाली बसून गहू निवडत होती आणि तिच्या डोक्यावरच्या माळ्यावरून मांजरानं चिनी मातीची बरणी ढकलली. मी ती पडताना पाहिली आणि तोंड उघडलं, तेवढंच. तो तोवर खाली होता. दोन्ही गुडघ्यांवर आपटून घसरत गेला आणि डाव्या हातात बरणी. झाकणसुद्धा निघालं नाही. नोटा सगळ्या खोलीभर. बरणी बायकोजवळ ठेवून तो म्हणाला, "गेली असती," आणि मग त्याला उठता येईना. आम्ही दोघांनी धरून उठवला. नंतर कित्येक दिवस पायरी चढताना तो भिंत धरायचा.

मुलगा वर्षातून एखाद वेळेस यायचा. पुण्याला एका फायनान्स कंपनीत होता, जालन्याला मामाकडे आला की तिथून चिखलीला. पलंगाच्या काठावर बसायचा, पाठीवरची बॅग काढायचा नाही. त्याची आई तो चौदा वर्षांचा असताना गेली. बाप तिसऱ्या दिवशी पोचला. मधल्या भिंतीतून मला भांडण ऐकू यायचं नाही, कारण ते भांडतच नव्हते. पण चौथ्या वर्षीच्या दिवाळीत दार उघडं होतं आणि मी फराळाचं ताट घेऊन दारात उभा होतो.

मुलगा म्हणाला, "आई गेली तवा तुम्ही काय करत होते, बाबा?"

"गोलात होतो. फोन मॅचनंतर पाह्यला."

"गोलात होते का गाडी चालवत होते?"

त्यानं भिंतीवरचा फोटो काढून दिला. त्याच्याकडे खेळताना काढलेला तेवढा एकच फोटो होता. बाकीचे का नाहीत असं मी एकदा विचारलं होतं. फोटो काढाले दुसरा माणूस लागते अन् दुसरे सगळे खेळत होते, असं उत्तर मिळालं होतं. फोटोत दोन खांबांच्या मधे अंगभर गाद्या बांधलेला माणूस वाकून उभा होता आणि त्याच्या तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा.

मुलानं तो बराच वेळ पाहिला. "हे तुम्हीच कशावरून?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मले एकदा दाखवा. माही आई ज्याच्यासाठी एकटी मेली ते मले एकदा पाहू द्या. मग मी काही विचारणार नाही."

मी ताट ठेवून निघालो. जाताना पाहिलं, तो फळीवरच्या बाटलीकडे हात नेत होता.

जानेवारीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं. मुलाला त्यानं तेव्हाच बोलावलं. मालकांनी त्याला कारखान्याची माल चढवायची पत्र्याची शेड चार दिवस वापरू दिली. तो रोज न विकल्या गेलेल्या लाद्या आडव्या मांडायचा, सांध्यांमध्ये बर्फाचा चुरा आणि गार पाणी भरायचा, वरून ओलं तरट नळीला बांधून ओढायचा. रात्री त्यावर पोती आणि लाकडाचा भुसा. मदतीला मामा. हे मामा कुणाचे मामा नव्हते, कारखान्यातले सगळ्यांत जुने कामगार म्हणून सगळ्यांचे मामा. कारखान्यात लागण्याआधी तीस वर्षं ते जत्रांमधून पॉटचं आईस्क्रीम विकत फिरले होते. त्यांना या माणसाचं फार कौतुक. टपरीवर कुणी बर्फ्या म्हटलं तर ते भांडायला उठायचे.

त्या दिवशी सकाळी मी स्कूटर घेऊन गेलो. "भाऊ, साक्षीदार पाह्यजे," असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता. पोती काढली. शेडभर नव्हे, आमच्या दोन खोल्या होतील एवढाच बर्फ, पण त्यात वरचे पत्रे दिसत होते. त्यानं बूट बांधले. या बुटांच्या पात्यांना तो बाजारातल्या सायकलवरच्या धारवाल्याकडून धार लावून आणायचा. तो धारवाला दर वेळेस विचारायचा, ह्या कोणत्या जनावराच्या सुऱ्या हायेत बे, आणि हा दर वेळेस सांगायचा, मधात नाली ठेवजो, सपाट करू नको.

तो बर्फावर उतरला. मी साडेतीन वर्षं त्याला लंगडताना पाहिलं होतं. तिथं तो लंगडला नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, आवाज फक्त सुरीनं काकडी सोलल्यासारखा. पाय हलवल्यासारखे दिसत नव्हते. मधेच खाली बसला, दोन्ही पाय आडवे पसरून, आणि हात न टेकता उभा राहिला. मामा टाळ्या वाजवायला लागले. तो म्हणाला, "बसस्टँडवर सोडता का? पोराची गाडी येईन."

जालन्याहून येणारी एसटी वेळेवर आली नाही. स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो. तो सारखा आभाळाकडे पाहत होता. ऊन वर येत होतं. मी म्हटलं, मी बोलावतो रिक्षा, तुम्ही पुढे व्हा, मी आणतो त्याला. तो म्हणाला, नाही, मीच घेऊन जाईन. गाडी आली, मुलगा उतरला, मी त्याला रस्त्यात सांगितलं, मी आत्ता पाहून आलो, तुमचे वडील फार सुंदर खेळतात. तो मला म्हणाला, "तुम्ही चांगले माणूस आहात काका."

शेडमध्ये मामा मिठाची रिकामी पोती झटकत उभे होते. दोन पोती. ऊन पाहून बर्फाला घाम सुटलेला त्यांना दिसला. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकलं की तो जास्त गार होतो, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं आणि ते खरंही आहे. फक्त तो गार होता होता वितळतो. पॉटमध्ये त्यानं काही बिघडत नाही.

"घ्या," मामा म्हणाले. "आता सांजलोक हालत नाही."

सगळ्या बर्फाला देवी आल्यासारखी भोकं पडली होती. सांधे उघडे, वर खारं पाणी. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाकून एका सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बरं केलं मामा. गार राह्यलं."

मी त्याला म्हटलं, आज राहू द्या, पुन्हा मांडू. तो म्हणाला, पोरगं पुन्हा येणार नाही. त्यानं बूट बांधले, मुखवटा घातला, मग काय वाटलं कोण जाणे, मुखवटा काढून ठेवला. पत्र्याचे दोन डबे ठेवून गोल केला, एका डब्यावर पाण्याची बाटली. कोपरानं दोन्ही डबे ठोकले आणि वाकून उभा राहिला. रबराची चकती मुलाला दिली होती. "फेक," तो म्हणाला. "जीव खाऊन फेक."

मुलानं डाव्या हातात फोन धरून चित्रण सुरू केलं आणि उजव्या हातानं चकती फेकली. जोरात नाही, कोपऱ्याच्या दिशेनं, सरळ. तो तिकडे निघाला. पातं भोकात गेलं, गुडघा एकीकडे आणि तो दुसरीकडे, आणि एका कुशीवर पडला, म्हातारी माणसं न्हाणीघरात पडतात तसा. चकती पाण्यातून हळूहळू त्याच्या पाठीमागून दोन डब्यांच्या मधे गेली.

तो हातावर सरकत डब्याशी गेला, बाटली घेतली, आमच्याकडे पाठ करून पाणी प्याला.

"झालं?" मुलानं विचारलं.

"झालं."

मुलगा दुपारच्या गाडीनं गेला. गुडघ्यावर पट्टी बांधून याला महिनाभर पडून राहावं लागलं, आणि नंतर मालकांनी लाद्यांवरून काढून गेटवर बसवला. मामांना तो एका शब्दानं बोलला नाही. मामाच त्याच्यासमोर यायचं टाळू लागले. पुढे त्यानं मुलाकडून ते चित्रण मागवून घेतलं. एकदा मला दाखवलं. त्याचं खेळतानाचं, तोंड दिसणारं, जगात असलेलं एवढंच. त्यानं ते चार-पाचदा मागेपुढे केलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "पाहा, इथं. उशिरा निघालो मी." मिठाचं नाव त्यानं तेव्हाही काढलं नाही. मी त्याला म्हणणार होतो की मी सकाळचं पाहिलंय. म्हटलंही. तो म्हणाला, "तुम्हाले त्यातलं काय समजते भाऊ," आणि हसला. ते खरंच होतं.

मे महिन्यात एका सकाळी दूधवाल्यानं हाक मारली तर दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं. अठ्ठेचाळिसावं संपायचं होतं. मुलाला फोन केला. पुण्याहून यायला संध्याकाळ होणार. खोलीवर पत्रा, बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुलतानपूरला न्यावं तर तिथं घर उरलेलं नाही. मी कारखान्यात फोन करायच्या आधीच मामा मालवाहू रिक्षात लाद्या घेऊन आले. मालकांनी पैसे घ्यायचे नाहीत असं सांगून पाठवलं होतं. मामांनी स्वतः फरशीवर लाद्या मांडल्या, सांधे हातानं चाचपून पाहिले, वर तरट घातलं, आणि आम्ही त्याला त्यावर ठेवला. मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीठ नाही आणलं."

दिवसभर ते तिथंच बसून राहिले. पाणी दाराकडे वाहू लागलं की फडक्यानं टिपून घ्यायचे.

मुलगा आला. सुलतानपूरहून आलेल्या नातेवाइकांनी बुद्धवंदना म्हटली. तो बापाच्या उशाशी बसला आणि लादीच्या कडेवर त्यानं तळवा ठेवला, बराच वेळ. "याच कारखान्याचा काय?" त्यानं विचारलं. मामा म्हणाले, हाव. बाहेर काढताना दार अरुंद पडलं, तिरडी तिरपी करावी लागली, आणि दोन्ही बाजूंनी चौकटीला लागली.

तिसऱ्या दिवशी मी वीजबिल वजा करून डिपॉझिट मुलाला दिलं. त्यानं मोजून घेतलं. त्यात गैर काही नाही. मुखवटा आणि फोटो त्यानं नेले की मामांनी, मला माहीत नाही. खोली रिकामी होती. फळीवरची बाटली भरलेली होती. बायकोनं ते पाणी कढीपत्त्याला घातलं.

पंधरा दिवसांनी दारात सायकलची घंटी वाजली. धारवाला होता. हँडलला ते बूट लटकवलेले. तुमच्या भाडेकरूनं टाकले होते, म्हणाला, अन् न्यायलेच आला नाही. कधी टाकले असं मी विचारलं. त्यानं सांगितलेला दिवस मी मोजला: भाडेकरू मेल्याच्या चार-पाच दिवस आधी. गुडघ्याला अजून पट्टी होती तेव्हा.

मी तिथूनच मुलाला फोन लावला, बूट पाठवू का म्हणून. त्यानं बुटांचा नंबर विचारला. मी तळ पाहून सांगितलं, आठ.

"मले नऊ लागते, काका," तो म्हणाला.

धारवाला उभाच होता. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवून दाखवला. मधे बारीक नाली ठेवली होती, सांगितल्याप्रमाणे. "एक सांगा साहेब," तो म्हणाला, "ह्या कायच्या सुऱ्या हायेत?"

मी म्हटलं, बर्फावर खेळायच्या. माझा भाडेकरू खेळायचा. गोली होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि वाद घालायला नको म्हणून मान हलवली. दोन पात्यांचे चाळीस रुपये झाले. ते मी त्याला दिले.